धुरपताचं तोरण

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर ते एकटंच बदनाम होईल आणि आजूबाजूची गावं हात झटकून मोकळी होतील. गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावच्या अंगाला, माळाच्या कडेचं एक गाव, एवढं पुरे आहे. तिथं वेशीबाहेरच्या मांगवाड्यात धुरपताबाई राहायची. तिला 'बाई' म्हणणारे लोक मांगवाड्यातच होते. वेशीच्या आत ती धुरपती, आणि पाटलाच्या तोंडी धुरपे.

ती दोर वळायची. अंबाडी आणून डोहात कुजत घालायची, सोलायची, आपटून धुवायची, तंतूंचा वाख निघाला की वाळवायचा, आणि मग त्याचे कासरे, दावी, वेसणी, मोटेचे नाडे. गावातला एकूणएक बैल तिच्या दोरानं बांधलेला होता. काम खरं पुरुषाचं. तिचा नवरा सूर्यभान पीळ द्यायचा आणि ती दुसरं टोक धरून उभी राहायची. पण निजामाच्या राज्यात एका पावसाळ्यात सूर्यभानला वेठीला धरलं. दौऱ्यावर आलेल्या कुणा साहेबाचं सामान डोक्यावर देऊन त्याला चिखलातून पुढच्या मुक्कामापर्यंत पिटाळलं. तो ताप घेऊन परत आला आणि त्यातच गेला. माती झाली न झाली तोच पाटलाचा निरोप आला. तो दुखवट्याचा असेल असं कुणाला वाटलं, तर त्यानं ते गाव पाहिलेलं नाही. मोटेचा नाडा तुटलाय, आता दोर कोण देणार, एवढंच विचारलं होतं. धुरपतानं डोळे पुसले आणि पीळ द्यायला बसली. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या खोपटात धाकटा दीर माणिक राहायचा, तेवढाच आधार.

आणि माणिक म्हणजे कसला आधार! हलगी झकास वाजवायचा आणि तितकाच झकास भ्यायचा. चावडीत पाटील खाकरला तरी वेशीबाहेर ह्याचे गुडघे लटपटायचे. धुरपता त्याला हसायची. एवढं जोरानं कातडं बडवतोस, तो जोर उतरल्यावर जातो कुठं, असं विचारायची. तो मान खाली घालून हलगी शेकत बसायचा.

आता तोरणाचं सांगायला हवं. पोळ्याला वेशीच्या दोन्ही बुरुजांना आडवा दोर बांधायचा, त्याला आंब्याची पानं खोवायची, आणि त्याखालून गावातले बैल मानाप्रमाणं न्यायचे, असा रिवाज. तोरणाखालून गेलेल्या जनावराला वर्षभर रोगराई शिवत नाही, असं सगळे मानायचे. धुरपताही मानायची. तो दोर मांगानंच वळायचा, मांगानंच बांधायचा. शेवटचा बैल आत गेला की व्यंकटराव पाटील काठीचा एक टोला मारायचा, तोरण तुटायचं आणि पोळा सुटायचा. पण तोरण एकदा चढलं की ते तुटेपर्यंत मांगा-महारांनी वेशीतून जायचं नाही. माणसांनीही नाही आणि त्यांच्या बैलांनीही नाही. त्यांच्यासाठी बुरुजाच्या बगलेनं, बाभळीच्या कुपाटीतून एक पायवाट होती. म्हणजे धुरपतानं दोर वळायचा, बांधायचा, खाली उतरायचं, आणि लगेच त्याच दोराला बाटवू नये म्हणून बगलेच्या काट्यांतून निघून जायचं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती हे करत होती आणि तिला त्यात वावगं वाटलं नव्हतं. वाटायला वेळ लागतो. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं दुखणं दुखणं वाटतच नाही.

वाटायला लागलं ते बैलामुळं. पाटलाच्या गोठ्यात एक गाय विताना मेली. वासरू जगेल असं वाटेना, तेव्हा वर्षाच्या दोराचं बलुतं म्हणून ते धुरपताच्या गळ्यात घातलं. तिनं त्याला शेळीचं दूध पाजलं, आंबील पाजली, स्वतःच्या गोधडीत घेतलं. त्याचा झाला पाखऱ्या, असा बैल की बघत राहावं. तिच्या वतनी तुकड्याशेजारच्या रानातला राधाकिशन हा मध्यम कुणबी. त्याच्याकडं एकच बैल, तिच्याकडं एकच. दोघांनी सावड केली. पेरणीपासून मळणीपर्यंत तिचा आणि त्याचा बैल एका जुवाखाली. आणि पोळ्याला? राधाकिशनचा बैल झूल पांघरून तोरणाखालून जायचा आणि त्याच जुवाचा जोडीदार बाभळीच्या कुपाटीतून. आदल्या वर्षी त्या वाटेवर पाखऱ्याच्या खुरात काटा मोडला. खूर पिकला. धुरपता दिवसदिवस त्याचा पाय मांडीवर घेऊन शेकत बसली, आणि बसल्या बसल्या तिच्या डोक्यात जे शिरलं ते परत बाहेर आलं नाही.

ते साल पंचावन्न. निजाम जाऊन वर्षं झाली होती. तालुक्याहून एक कार्यकर्ता येऊन चावडीपुढं सांगून गेला होता की शिवाशीव पाळणं हा आता गुन्हा आहे. चावडीनं शांतपणे ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला आणि मोठ्या आदरानं वेशीबाहेर पोचवलं.

पोळा तोंडावर आला तेव्हा पाटलाचा माणूस दोर मागायला आला. धुरपतानं सांगितलं, यंदा पाखऱ्या तोरणाखालून जाणार असेल तरच दोर वळीन. सगळ्यात शेवटी जाईल, पण तोरणाखालून जाईल. निरोप ऐकून पाटलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं राणीसावरगावच्या मांगाकडं माणूस पाठवला. तो मांग म्हणाला, तोरणाचा हक्क ज्या घराचा त्या घराचा, दुसऱ्याच्या वतनात हात घातला तर आमची जात आम्हाला उभं करणार नाही. ज्या रिवाजाच्या जोरावर पाटील चालत होता तोच असा आडवा आला. बाजारातून काथ्या आणू म्हटलं तर म्हातारे कुणबी कुरकुरायला लागले. बैलाला रोग लागला तर कोण भरून देणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी पाटलानं निरोप धाडला, की ये बाई, शेवटी आण तुझा बैल. निरोपात 'बाई' शब्द होता. तेव्हाच धुरपतानं ओळखायला हवं होतं. पण ती भोळी नव्हती, आनंदली होती, आणि आनंदलेल्या माणसाचे कान जरा बंदच असतात.

राधाकिशनही आला. म्हणाला, जुवाचे जोडीदार हाईत, म्या दोन्ही बैलं बरूबर नेतो, तू नुसती मागून ये. धुरपताला भरून आलं. तिनं मन लावून दोर वळला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायची, खांदेमळणीची दुपार. माणिक गावातून आला तो पांढराफटक पडूनच. पाटलाच्या गोठ्यामागं उभा असताना त्याच्या कानावर आलं होतं. राधाकिशनचा बैल आत गेला रे गेला की पाटील टोला मारणार. तोरण तुटणार. मग धुरपती खुशाल येऊ दे बैल घेऊन मोकळ्या वेशीतून. सगळं गाव फिदीफिदी हसायला उभं राहणार होतं. पाटलानं शब्द पाळला, असंही वर म्हणता येणार होतं.

"वैनी, जाऊ नगंस," माणिक म्हणाला. "हसले तर हसले, पर तू तितं उगं ऱ्हाणार न्हाईस, मला ठावं हाय. काईतरी बोलशील. मग आपल्याला हितं ऱ्हायचं हाय का न्हाई?"

माणिकचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तिला सलत होतं. पाटलाच्या शब्दाबाहेर गेलेल्या घराचं काय होतं ते तिनं पाहिलं होतं. पीठ मिळत नाही, रानात पाऊल टाकू देत नाहीत, आणि एखाद्या दिवशी खोपटाला आग लागते ती कुणी लावलेली नसते.

खूप वेळानं ती उठली आणि तयार तोरण खाली काढलं. त्या दोरात एक गोम होती. मधोमध वीतभर जागी पीळ कच्चा ठेवायचा, वरून वाख गुंडाळून झाकायचा. पाटलाचा एका टोल्यात मान राहावा म्हणून. सूर्यभानच्या बापानं सूर्यभानला शिकवलं, सूर्यभाननं तिला. गाव म्हणायचं, पाटलाच्या मनगटात काय ताकद आहे! मांगवाडा मूग गिळून बसायचा. धुरपतानं ती कच्ची जागा उकलली. नवा वाख घातला. आणि माणिकला म्हणाली, टोक धर.

माणिकला कळलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण सूर्यभान गेल्यापासून तिनं टोक धर म्हटलं की तो धरायचा, तसं त्यानं ते धरलं. दोनदा ते त्याच्या हातून निसटलं आणि दोनदा तिनं पीळ उलगडून पुन्हा दिला. नाडा वळतात तसा तिपेडी दोर तिनं वळला, दोन बैल ओढले तरी न तुटणारा.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली तशी वेशीबाहेर बैलं जमली. रंगवलेली शिंगं, बेगड, झुली, घागरमाळा. मंगलाष्टकं झाली, तांदूळ उडाले. माणिक बुरुजाशी उभा राहून वाजवत होता. पाटलाची जोडी गेली, मानकऱ्यांच्या गेल्या, मग बाकीच्या. धुरपता सगळ्यांच्या मागं पाखऱ्याचा कासरा धरून उभी होती. अंगावर त्यातल्या त्यात बरं लुगडं होतं.

राधाकिशनची पाळी आली. त्यानं मागं वळून तिच्याकडं पाहिलं. मग पाटलाकडं पाहिलं. पाटील काठीवर हात ठेवून नुसता उभा होता. राधाकिशननं खाली मान घातली आणि आपला एकटा बैल घेऊन भराभरा आत निघून गेला. इतका भराभरा की झूल अर्धी खाली ओघळली तरी थांबला नाही.

त्या क्षणी धुरपताला राग आला नाही. नुसतं एकटं वाटलं.

तिनं पाऊल उचलायच्या आत पाटील पुढं झाला आणि टोला मारला. दोर नुसता हिंदकळला. चार पानं खाली पडली. पाटलाला वाटलं, टोला नीट बसला नाही. त्यानं दुसरा मारला. माळवदावर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. तिसऱ्या टोल्याला पाटलाचा फेटा सुटला. चौथ्याला काठी हातातून निसटली आणि ती उचलून द्यायलाही कुणी धजेना. कारण जो वाकेल त्याचं तोंड पाटलाला दिसलं असतं, आणि तोंडावर काय असेल याचा कुणाला भरवसा नव्हता.

पाटील ओरडला, कोयता आणा. कुणीच हललं नाही. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या दोराला लोखंड लावायचं नाही, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक. पाटलालाही ठाऊक. तो घटकाभर घामाघूम होऊन उभा राहिला. मग त्याची नजर माणिकवर गेली.

"माणक्या, चढ वर. सोड गाठ."

हलगी थांबलेली होती. इतकी शांतता झाली की पाखऱ्याच्या गळ्यातली एकुलती घंटा ऐकू आली. धुरपताला माणिककडं बघवेना. तिनं मनात त्याला केव्हाच माफ करून टाकलं होतं. चढ बाबा, सोड, तुझं काळीज लहान आहे, ते काही पाप नाही, असं ती मनातल्या मनात म्हणत होती. माणिक शिडीपाशी गेला. शिडीला हात लावला. त्याचे पाय सगळ्यांना दिसत होते, लटलट कापत होते. मग त्यानं शिडी सोडली, हलगी पोटाशी घेतली आणि वाजवायला लागला. पाटलाच्या जोडीला वाजवतात तो ठेका होता तो, पहिल्या मानाचा.

धुरपतानं कासरा ओढला आणि निघाली. वेस समोर होती. तोरण डोक्यावर होतं. आणि ऐन तोंडाशी पाखऱ्या वळला, बुरुजाच्या बगलेला, बाभळीकडं.

मग मात्र गाव हसलं. मघापासून दाबून ठेवलेलं सगळं हसू एकदम बाहेर पडलं. पाटलाला तर देवच पावला. तो मोठ्यानं म्हणाला, "बगा, जनावराला बी आपली पायरी कळती."

धुरपतानं पाखऱ्याकडं पाहिलं. दुसरं कुणी असतं तर त्याला चाबूक ओढला असता. पण तिच्या हातातला कासरा सैल होता. बैलानं ओढला असता तर तो ताठ हवा होता. दोर आयुष्यभर हाताळलेला, तो खोटं सांगणार नाही. तिनं खाली पाहिलं. तिचा स्वतःचा उजवा पाय बगलेच्या वाटेवर होता. डावाही निघाला होता. बैल बिचारा तिच्या मागं मागं येत होता.

तिला भडभडून आलं. एवढं सगळं केलं, दोर वळला, भीती गिळली, आणि पायांना कुणी सांगितलंच नव्हतं! इतकी वर्षं पाटील तिथं नुसता उभा होता, वळत तर तीच होती. अशी चीड तिला जन्मात आली नव्हती, आणि ती पाटलाची नव्हती.

ती थांबली. आवाज चढवला नाही.

"पाटील," ती म्हणाली, "बैल न्हाई वळला. म्या वळले."

मग तिनं एक पाय उचलून वेशीच्या रस्त्यावर ठेवला. नंतर दुसरा. खाली बघत, प्रत्येक पाऊल तपासत, लहान मूल चालायला शिकतं तशी ती तोरणाखालून आत गेली. पाखऱ्या तिच्या मागं गेला. हसणं केव्हा थांबलं ते तिला कळलं नाही. गल्लीतली दारं बंद होती. बैलाला ओवाळायला कुणी बाहेर आलं नाही, पायावर तांब्याभर पाणी कुणी घातलं नाही. ती मारुतीच्या पारापर्यंत गेली, बैल वळवला आणि त्याच वेशीतून, त्याच तोरणाखालून परत आली.

ह्याची किंमत काय पडली तेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट गोड वाटेल आणि ती गोड नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी माणिकला चावडीत बोलावलं. तो परत आला तेव्हा त्याचा उजवा हात मनगटापासून लोंबत होता. कुणी मारलं असं धुरपतानं विचारलं, तर तो म्हणाला, सगळे होते. चौकीत तक्रार दिली. चौकीनं विचारलं, साक्षीदार कोण? चावडीच्या दारात तेव्हा राधाकिशन उभा होता, पण तो म्हणाला, मी तिकडं पाहत नव्हतो. ते बहुतेक खरं असावं. न पाहण्यात तो पटाईत होता. बलुतं बंद झालं, पीठ बंद झालं. पाखऱ्याला जुवाला घ्यायचं नाही असं ठरलं, त्यामुळं रब्बीला राधाकिशनचा बैलही एकटा दावणीला उभा राहिला, पण त्याचं सुख मानावं असं धुरपताच्या घरात काही उरलं नव्हतं.

हाड बसवणाऱ्यानं कामट्या बांधून दिल्या. हात वाकडाच जुळला. वाजवायचं टिपरू बोटांत ठरेना. हलगी खुंटीवर गेली ती गेलीच. धुरपता रोज त्याची पट्टी सोडायची, हळद-तेल लावायची आणि पुन्हा बांधायची. एक दिवस तिला राहवेना. ती त्याचा हात हातात धरून रडायला लागली. म्हणाली, तोरणाखालून म्या गेले आन् हात तुझा गेला. म्या तुला टोक धर म्हटलंच नसतं तर बरं झालं असतं.

माणिक अडखळत बोलायला लागला.

"वैनी, म्या जल्मभर लोकाच्या बैलापुढं वाजीवली. लग्नात वाजीवली, मयतीत वाजीवली. कुणी सांगितलं म्हनून वाजीवली. त्या दिशी मला कुणी सांगितलं नव्हतं. लय भ्या वाटायलं होतं, पर कुणी सांगितलं नव्हतं."

धुरपतानं पट्टीची गाठ मारली. मग त्याचा हात तिनं तसाच मांडीवर घेतला आणि दुपार उतरेपर्यंत धरून बसली.